हाताने विणलेले मोजे बुटात लपतात? आधी बुटाची खिडकी मोजा

तीन आठवडे खपून मोज्यांची एक जोडी विणली होती. गडद हिरवी लोकर, घोट्यापासून बोटांपर्यंत पावलाच्या वरच्या बाजूवर उतरत गेलेली पानांची वेल, प्रत्येक पानाला जाळीची शीर. ती घालून एका मैत्रिणीला भेटायला गेले. दीड तास बाकावर शेजारी शेजारी बसलो, आणि उठताना ती म्हणाली, "अगं, नवीन मोजे घालून येणार होतीस ना?" मोजे पायातच होते. त्यांच्यावर नाड्यांचे बंद बूट, आणि बुटांवर उतरलेली पँट. मधल्या फटीतून दिसत होती ती दोन बोटं रुंदीची साधी रिब, म्हणजे सुलट-उलट टाक्यांची ताणली जाणारी उभी वीण. तशी रिब विकतच्या मोज्यांनाही असते.

मोजे विणणाऱ्या कितीतरी जणींकडून ही तक्रार मी ऐकली आहे, आणि एकीकडूनच पुन्हा पुन्हा ऐकली आहे. जोडी नवी होते, बूट नवे येतात, पण नक्षी काही दिसत नाही. मग प्रश्न येतो: "विणलेल्या मोज्यांवर कुठले बूट चांगले?" या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही, असं माझं आता ठाम मत झालंय. एका मोज्याचं सगळं काम पावलाच्या पाठीवर असतं, दुसऱ्याचं टाचेत, तिसऱ्याचं नळीवर, म्हणजे घोट्याच्या वरच्या भागावर. जो बूट एकीला खुलवतो तोच दुसरीला झाकून टाकतो. त्यामुळे आधी दोन गोष्टी शोधायच्या. आपल्या मोज्यावरची नक्षी नेमकी कुठे आहे, आणि आपला बूट नेमका कुठे उघडा आहे. बुटाच्या त्या उघड्या जागेला मी खिडकी म्हणते.

खिडकी मोजायची कशी

एक जुना, साधा, फिक्या रंगाचा मोजा घ्या. तो घालून बूट चढवा. नाड्या किंवा बक्कल रोजच्यासारखं बांधा आणि दहा-बारा पावलं चाला, म्हणजे पाऊल आत नीट बसेल. आता शिंपी वापरतात तो खडू घेऊन बुटाच्या कडेला चिकटून मोज्यावर रेघ ओढा. पट्टा असेल तर पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी. वर पँट घालणार असाल तर उभं राहून पँटच्या कडेशी एक खूण करा आणि खुर्चीत बसून दुसरी. बसल्यावर ती कड सहज चार-पाच बोटं वर सरकते. मग बूट काढा. रेघांच्या आत जेवढं उरलं तेवढंच जगाला दिसतं.

खडू पुसला जातो, म्हणून मी त्या रेघांवरून लाल दोऱ्याने धावदोरा घालून ठेवलाय. नेहमीच्या वापरातल्या प्रत्येक बुटाचा असा एक मोजा माझ्या विणकामाच्या पिशवीत असतो. नवी नक्षी ठरवताना तो बाहेर काढला की निम्मी चूक तिथेच टळते.

पुढचं काम ओळी मोजण्याचं. मोज्यांच्या बारीक लोकरीवर, सव्वादोन ते अडीच मिमीच्या सुयांनी, माझ्या हाताला १० सेंमीत ३२ टाके आणि ४४ ओळी येतात. पट्ट्याच्या बुटात बोटांवरच्या कडेपासून पट्ट्यापर्यंतची खिडकी ४ सेंमी धरली तर तिथे १७-१८ ओळी मावतात. माझ्या वेलीचं एक पान २४ ओळींचं होतं. म्हणजे मी त्या दिवशी पट्ट्याचे बूट घातले असते तरी एकही पान पुरतं दिसलं नसतं. एकाचं देठ दिसलं असतं आणि दुसऱ्याचं टोक. तिथे ८ ओळींत पुरी होणारी नक्षी दोनदा बसते आणि ती नक्षी आहे हे बघणाऱ्याला लगेच कळतं.

रुंदीचंही तसंच. ६४ टाक्यांच्या मोज्यात पावलाच्या पाठीवर ३२ टाके येतात, म्हणजे १० सेंमी. पण बुटाची खिडकी मध्ये पाच-सहा सेंमीच उघडी असते. तेव्हा मधले १६ ते १९ टाके हीच खरी दर्शनी जागा. कडेच्या टाक्यांवर केबल (टाके एकमेकांवरून ओलांडून केलेला उठावदार पीळ) घालून मध्ये साधं सुलट ठेवलं, की केबल बुटाच्या आत जाते आणि बाहेर साधा मोजा दिसतो. ही चूक मी दोनदा केली आहे.

कुठल्या बुटात काय दिसतं

पावलाच्या पाठीवर नक्षी असेल तर पट्ट्याचे बूट, ज्यांना मेरी जेन म्हणतात, ते माझ्या लेखी सगळ्यांत वरचे. बोटं आणि टाच झाकलेली असतात, म्हणजे झिजणारा भाग सुरक्षित असतो. वरची बाजू उघडी राहते. आणि पट्टा पावलाला धरून ठेवतो, म्हणून मोजा जाड असला तरी बूट पायातून निघत नाही. मात्र पट्टा कुठून जातो ते बघून घ्या. घोट्याच्या जवळून जाणारा पट्टा खिडकी मोठी ठेवतो. पावलाच्या बरोबर मधून जाणारा पट्टा तिचे दोन तुकडे करतो, आणि ते दोन्ही तुकडे कुठल्याही मोठ्या नक्षीला अपुरे पडतात. काही बुटांना आडव्या पट्ट्यातून एक उभी पट्टी बोटांकडे उतरलेली असते. मधोमध केबल असलेल्या मोज्यावर ते बूट घालू नका, केबल पूर्ण झाकली जाते. दोन्ही बाजूंना सारखी जाळी असेल तर मात्र तीच उभी पट्टी मधल्या साध्या जागेवर बसते आणि जाळीला चौकट मिळाल्यासारखी होते.

टाचेचं काम दाखवायचं असेल तर क्लॉग, म्हणजे पुढून बंद आणि मागून उघडे बूट. एक टाका विणायचा, एक नुसता सरकवायचा आणि पुढच्या सुलट ओळीत दोघांची अदलाबदल करायची, अशा टाचेच्या पट्टीला बारीक खवल्यांसारखं पोत येतं. ते मला मोज्यातलं सर्वांत देखणं काम वाटतं, आणि जवळपास सगळे बूट नेमकं तेच झाकतात. याचं कारण साधं आहे: टाचेची पट्टी साधारण ५ ते ६ सेंमी उंच विणली जाते आणि बंद बुटाची मागची भिंतही पुष्कळदा तेवढीच उंच असते. क्लॉगमध्ये ही पट्टी पूर्ण मोकळी राहते, शिवाय टाचेपासून पावलाकडे उतरणारी बाजूची कळी निम्मी तरी दिसते. कळीचे टाके कमी करताना जी तिरकी रेघ तयार होते तिच्यात वेगळा रंग खेळवला असेल तर क्लॉगशिवाय तिला न्याय मिळत नाही.

वेगळ्या रंगाची टाच विणणाऱ्यांची आणखी एक अडचण नेहमीची आहे. बंद बुटाच्या वर त्या रंगाचा पाऊण सेंमीचा काठ डोकावतो आणि तो ठिगळासारखा दिसतो. बूट बदलायचा नसेल तर पुढच्या जोडीत टाचेची पट्टी आठ-दहा ओळींनी वाढवा, म्हणजे रंग बुटाच्या वर ठसठशीत दिसेल. फक्त टाचेची पट्टी वाढली की कळीसाठी उचलायचे टाकेही वाढतात आणि ते मिटवायला ओळी जास्त लागतात, हे हिशेबात धरा.

सँडल सगळ्यांत उघडी. मोज्यांवर सँडल शोभत नाही असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते कधीच पटलं नाही. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस या प्राचीन नगराच्या दफनभूमीत लोकरीचे लाल मोजे सापडले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत आणि त्यांचा काळ इ. स. २५० ते ४२० असा धरतात. ते दोन सुयांवर विणलेले नाहीत, एकाच सुईने फासात फास गुंतवून केलेले आहेत. त्यांचा अंगठा वेगळा आहे आणि बाकीची चार बोटं एकत्र, कारण ते सँडलमध्ये घालण्यासाठीच केले होते. इंग्लंडमधल्या विंडोलँडा या रोमन छावणीच्या जागी सापडलेल्या लाकडी पातळ पट्ट्यांवरच्या पत्रांपैकी एकात कुणीतरी कुणाला मोजे, सँडलच्या दोन जोड्या आणि अंतर्वस्त्रांच्या दोन जोड्या पाठवल्याची नोंद आहे. सँडलमध्ये मोजे ही जुनी आणि विचार करून वापरलेली जोडी आहे.

सँडल निवडताना दोन गोष्टी बघा. अंगठ्याची चप्पल हवी असेल तर मोजाही अंगठा वेगळा असलेलाच विणावा लागतो. साधा मोजा तिच्यात कोंबला तर अंगठ्याच्या बेचक्यात लोकर ताणली जाते आणि पहिलं भोक तिथेच पडतं. दुसरं, पट्टे रुंद आणि थोडे असावेत. बारीक पट्ट्यांची जाळी असलेल्या सँडलमधून मोज्याचे पाच-सहा त्रिकोणी तुकडे दिसतात आणि नक्षी हरवते. अशा सँडलवर आडव्या पट्ट्यांचा रंगीत मोजा घाला. रंगाचे पट्टे तुकड्यातूनही ओळखू येतात.

नाड्यांचे बूट रोज घालावे लागत असतील तर पावलावर कष्ट करूच नका. तिथे दिसतो फक्त घोटा. युरोपात सोळाव्या ते अठराव्या शतकात लांब मोज्यांवर घोट्याच्या दोन्ही बाजूंना वर चढत जाणारी निमुळती नक्षी काढायची पद्धत होती. तेव्हाच्या सखल बुटांवर बरोबर तीच जागा उघडी राहायची. तोच मार्ग आजही चालतो. रिबच्या खाली, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला एक उभी केबल किंवा जाळीची पट्टी घाला आणि पाऊल साधं सुलट ठेवा. विणायलाही लवकर होतं.

उंच बुटांबद्दल थोडक्यात: नळीची रिब दुप्पट लांब विणून बुटाच्या कडेवर दुमडा आणि दुमडलेल्या भागावर नक्षी करा. दुमडल्यावर उलट बाजू बाहेर येते, म्हणून तेवढा भाग उलटीकडून विणावा लागतो. पारदर्शक प्लास्टिकचे बूट सगळं दाखवतात, पण त्यांतून घामाची वाफ बाहेर जात नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषते, त्यानंतर मोजा ओला लागायला लागतो. तासाभरापुरते ठीक.

दिसतो, पण बूट आवळतो

ही दुसरी नेहमीची तक्रार, आणि हिच्यावर दिला जाणारा सल्ला बहुतेक वेळा चुकतो. "एक नंबर मोठा घ्या" असं सगळे सांगतात. हिशेब करून बघू. पातळ मोज्याची जाडी पायात दीड मिमी धरली, तर लांबीत वाढ होते दोनदा दीड, म्हणजे ३ मिमी: एकदा बोटांपुढे, एकदा टाचेमागे. घेरात मात्र ही जाडी सगळीकडून गुंडाळली जाते, म्हणून तिथे वाढ होते सुमारे साडेनऊ मिमी. युरोपीय मापात एक नंबर म्हणजे ६.६७ मिमी लांबी, इंग्रजी मापात एक नंबर म्हणजे सुमारे ८.५ मिमी. तुम्हाला लांबीत हवे होते ३ मिमी, मिळाले त्याच्या दुपटीहून जास्त. मग पाऊल बुटात पुढेमागे सरकतं, दर पावलाला टाच भिंतीवर घासते, आणि महिन्याभरात टाचेची लोकर विरते.

अडचण घेरात आहे, तर सैल करायची सोयही घेरातच हवी. भोकं जास्त असलेलं बक्कल, वरपर्यंत मोकळ्या होणाऱ्या नाड्या, रुंद चवड्याचा साचा. आत काढता येणारा सुखतळा असेल तर तो काढून बघा. तीन-चार मिमीचा सुखतळा काढला की पाऊल तेवढं खाली बसतं आणि वरची कड आवळायची थांबते. माझे दोन बूट याच उपायाने परत वापरात आले. सुखतळा काढल्यावर तळाशी शिवणीच्या गाठी किंवा चिकट गोंद उघडा पडत नाही ना, एवढं हात फिरवून बघा. पडत असेल तर त्याजागी पातळ चामड्याचा तळ कापून घाला.

दोन रंगांचे धागे एकाच ओळीत वापरून केलेली नक्षी असेल तर मागून दुसरा धागा जात असतो, त्यामुळे कापड जवळजवळ दुप्पट जाड होतं. असा मोजा बंद बुटाला न दिलेला बरा. क्लॉग किंवा पट्टे सैल होणारी सँडल द्या. केबलही पट्ट्याच्या बरोबर खाली येऊ देऊ नका. दोन तास चालल्यावर त्या केबलचा वळ पावलावर उठतो, आणि केबलही चपटी होते ती पुन्हा धुतल्याशिवाय वर येत नाही.

बूट विकत घ्यायला जाताना तोच मोजा घालून जा. पातळ मोज्यावर अंदाज बांधला की हमखास फसगत होते. आणि जमलं तर संध्याकाळी जा, दिवसभराच्या वावरानंतर पावलं थोडी सुजलेली असतात.

बूट मोजा खातो

एकाच ठिकाणी परत परत भोक पडत असेल तर लोकरीला दोष देण्याआधी बूट तपासा. जुना नायलॉनचा पातळ लांब मोजा हातावर चढवा आणि तो हात बुटाच्या आत सगळीकडे फिरवा. टाचेमागे, शिवणीवरून, बक्कलच्या मागच्या बाजूला, नाड्यांच्या भोकांच्या धातूच्या कड्यांवरून. जिथे नायलॉन अडकतं तिथेच लोकर विरते आहे. एका बुटात मला असा खडबडीतपणा टाचेच्या अस्तरात सापडला. बाहेरून काही दिसत नव्हतं. आत शिवणीचं एक टोक कडक झालं होतं, माझ्या डाव्या मोज्याला दर वेळी उजवीकडेच भोक पडायचं ते त्याच्यामुळे. ते टोक कापून वर मऊ चामड्याची चकती चिकटवली आणि त्या जागी परत भोक पडलं नाही.

चिकटपट्टीचे (वेल्क्रोचे) पट्टे असलेले बूट तर विणलेल्या मोज्यांपासून दूरच ठेवा. त्यातली आकड्यांची बाजू घालताना-काढताना एकदा जरी घासली तरी टाके ओढले जातात, आणि जाळीच्या नक्षीत ओढलेला टाका परत जागेवर बसवायला अर्धा तास जातो.

क्लॉगमध्ये झीज वेगळीकडे होते. मागची भिंतच नसल्यामुळे टाचेची पाठ शाबूत राहते, पण पाऊल सरकत असल्याने चवडा आणि टाचेचा तळ झिजतो. क्लॉगच्या आतल्या तळावर लोकरीचे केस जमलेले दिसले तर समजा की तिथे घर्षण चाललंय. उपाय बुटापेक्षा मोज्यात जास्त आहे. चवड्याखालच्या आणि टाचेच्या तळाच्या टाक्यांना लोकरीबरोबर बारीक नायलॉनचा धागा जोडून विणा. मोज्यांच्या लोकरीत बहुधा ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असतंच. निव्वळ लोकर वापरणार असाल तर हा जोडधागा हवाच.

भोक पडायची वाट बघू नका. धुतलेला मोजा हातावर चढवून उजेडाकडे धरा. जिथे उजेड जास्त झिरपतो तिथे टाका पातळ झालाय. उरलेल्या त्याच लोकरीने सुईत धागा घालून टाक्याच्या वाटेवरून टाका गिरवायचा. उजवीकडून डावीकडे, प्रत्येक टाक्याच्या मुळातून वर, वरच्या टाक्याच्या दोन पायांमागून आडवं, परत त्याच मुळात खाली. धागा ओढून घट्ट करायचा नाही, खालच्या टाक्याच्या मापाने सोडायचा. पातळ झालेल्या जागेच्या चारही बाजूंना दोन-दोन टाके जास्त घ्या, कारण शेजारचेही दमलेले असतात. यासाठी प्रत्येक जोडीची पाच-दहा ग्रॅम लोकर मी बाजूला काढून ठेवते, तिच्यावर जोडीचं नाव बांधून.

मोजा घसरतो, बुटात जाऊन गोळा होतो

खिडकीत नक्षी दिसायची तर मोजा ताणलेला हवा. सैल मोज्याला बुटाच्या कडेशी वळकट्या पडतात आणि सगळ्या रेघा वाकड्या दिसतात. पावलाचा घेर २२ सेंमी असेल तर मोजा २० सेंमीचा विणा, म्हणजे सुमारे दहा टक्के लहान. वर सांगितलेल्या मापाने ते बरोबर ६४ टाके होतात. लांबीतही मोजा पावलापेक्षा एखादा सेंमी आखूड असावा. जाळीच्या नक्षीला ताण थोडा जास्तच लागतो, नाहीतर भोकं मिटलेली राहतात आणि पानं कळत नाहीत.

मोजा मापाचा आहे आणि तरी टाचेखाली सरकतोय, असं असेल तर बुटाकडे बघा. बिननाडीच्या, बिनपट्ट्याच्या सखल बुटांत पाऊल उचलताना टाच सुटते आणि मागची कड दर पावलाला मोज्याला खाली ओढते. इलॅस्टिकच्या कडेचे नाजूक सपाट बूट, ज्यांना पंप म्हणतात, ते यात सगळ्यांत त्रासदायक. त्यांची खिडकी फार मोठी असते, म्हणून मोह होतो, पण इलॅस्टिक कड टाक्यांवर दाब देऊन खोबण पाडते आणि जाड मोज्यावर बूट टिकतच नाही. लोफर त्यांच्यापेक्षा बरा, कारण त्याची जीभ पावलाला धरते. अर्थात ती जीभ खिडकीही खाते.

रंग

इथे मी थोडं आग्रहाने सांगते, कारण पुष्कळ सुंदर काम केवळ रंगामुळे वाया जाताना पाहिलंय. जाळीच्या भोकातून दिसते ती आपली त्वचा. तेव्हा लोकर निवडताना तिचा एक फेरा पावलावर गुंडाळून बघा. त्वचेच्या रंगाला जवळची लोकर असेल तर भोकं दिसणारच नाहीत, मग खिडकी कितीही मोठी असो. माझी गडद हिरवी या कसोटीवर पास झाली, पण दुसऱ्या एका अडचणीत सापडली: काळ्या बुटाशेजारी ती काळीच दिसायची. तिच्यासाठी तपकिरी फिकट चामड्याचा बूट लागला.

दर दोन-तीन टाक्यांना रंग बदलणाऱ्या लोकरीवर जाळी किंवा केबल करू नका, रंगच नक्षीला गिळून टाकतात. तशी लोकर साध्या सुलट विणीत ठेवा आणि बूट एकाच रंगाचा, बिनचकाकीचा घ्या. पट्ट्यापट्ट्यांच्या मोज्याला त्यातलाच सर्वांत गडद रंग बुटाला द्या. बूट चकचकीत असेल तर नजर आधी त्याच्याकडे जाते, त्यामुळे लोकरीशेजारी मला मऊ, मंद चामडं किंवा सुएड आवडतं.

फिक्या मोज्यांना आणखी एक धोका असतो. गडद अस्तराचा रंग घामाने सुटतो आणि मोज्याला लागतो, तो नंतर निघत नाही. नवा बूट घालण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने आतून जोरात पुसून बघा. फडक्यावर रंग उतरला तर त्या बुटात गडद मोजेच घाला.

सँडल आणि क्लॉगमध्ये मोजे लवकर मळतात, हे कबूल करायला हवं. कोमट किंवा गार पाण्यात, चोळाचोळ न करता धुवा. उष्णता, ओल आणि घर्षण एकत्र आलं की प्रक्रिया न केलेली लोकर आटते आणि नमद्यासारखी गच्च होते, मग जाळीची भोकं कायमची बुजतात. मोजा पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट पसरून वाळवा.

सध्या माझ्या सुयांवर पुन्हा पानांचीच जोडी आहे. पान आता ८ ओळींचं केलंय आणि मधल्या १७ टाक्यांत बसवलंय, लोकर मोहरीच्या फुलासारखी पिवळी. टाच वळवून झाली, कळीचे टाके मिटत आलेत. लाल धावदोऱ्याचा मोजा शेजारी ठेवलाय. त्यावरून मोजलं तर आणखी सहा ओळींनी पट्ट्याची जागा सुरू होते. तिथे दहा ओळी साध्या सुलट विणायच्या, आणि पट्टा संपला की पुढचं पान.